राणीच्या बागेतलं म्युझियम मुंबईचं कसं झालं

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. शहराचा इतिहास पाहायचा म्हणून लोक तिथे जातात आणि दारातून आत शिरताच बुचकळ्यात पडतात. समोर दिसतात बिदरीची भांडी, हस्तिदंती डब्या, लाखेचं आणि शिंगाचं काम, जे. जे. कलाशाळेत घडलेली मातीची भांडी. मुंबई कुठे आहे? ती भेटते जिना चढून वर गेल्यावर. हा क्रम समजून घ्यायचा तर संग्रहालयाच्या जन्माच्याही आधी जावं लागतं.

१८५१ साली लंडनमध्ये जगभरच्या उद्योगांचं अवाढव्य प्रदर्शन भरलं. हिंदुस्थानातून तिकडे काय पाठवावं हे ठरवायला आणि वस्तू गोळा करायला मुंबईतही समिती नेमली गेली. कापूस, धान्य, लाकूड, खनिजं, विणकाम, धातुकाम, असं सगळं जमवलं गेलं. या खटपटीतून एक कल्पना रुजली: इथल्या मालाचे नमुने इथेही कायमचे मांडून ठेवावेत. कंपनी सरकारच्या दृष्टीने तो व्यापाराचा भाग होता. या मुलखात काय पिकतं, काय बनतं, त्यातलं काय विकता येईल, हे एका छताखाली दिसावं, एवढाच हेतू. पुढच्या काही वर्षांत फोर्टातल्या टाउन बराकीत असं संग्रहालय सुरू झालं. जॉर्ज बुइस्ट हे त्याचे पहिले क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे प्रमुख.

मग १८५७ आलं. बराकी फौजेला हव्या होत्या. वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी खराब झाल्या, हरवल्या. उरलेला संग्रह १८५८ मध्ये जॉर्ज बर्डवुड या तरुण डॉक्टरच्या हाती आला. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातलं खरं वळण इथे आहे, कारण यापुढची गोष्ट केवळ सरकारची राहिली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस टाउन हॉलमध्ये नागरिकांची सभा भरली. कंपनीचं राज्य जाऊन व्हिक्टोरिया राणीचं राज्य आलं होतं. त्या निमित्ताने राणीच्या नावाने बाग आणि संग्रहालय उभारायचं ठरलं आणि वर्गणी सुरू झाली. पुढाकार घेणाऱ्यांत नाना शंकरशेठ होते, आणि बर्डवुड यांच्या बरोबरीने चिटणिसाचं काम डॉ. भाऊ दाजी लाड पाहत होते. राजनिष्ठा दाखवण्याची चढाओढ यात होतीच, ती लपवण्याचं कारण नाही. पण शाळा, ग्रंथालयं, दवाखाने उभारण्यासाठी झटणारी हीच माणसं होती. शहराला आपलं संग्रहालय असावं ही त्यांची इच्छाही तितकीच खरी होती.

भाऊ दाजींबद्दल जरा थांबून सांगायला हवं. गोव्यातल्या मांद्रे गावचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये डॉक्टर झाला. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग त्यांनी केले. रुग्ण पाहता पाहता ते संस्कृत हस्तलिखितं आणि जुनी नाणी जमवत, शिलालेख वाचत. अजिंठ्याच्या लेखांचं त्यांचं वाचन त्या काळात मोलाचं ठरलं. ते दोनदा मुंबईचे शेरीफ, म्हणजे शहराचे मानाचे पदाधिकारी, झाले. नमुन्यांच्या कोठाराचं ज्ञानाच्या जागेत रूपांतर व्हावं, असं वाटणारा माणूस असाच असणार.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये ती लढाई संपली, शेअरांचा फुगा फुटला आणि बांधकाम रखडलं. त्याच वर्षी नाना शंकरशेठ वारले. शेवटी सरकारी पैशाची जोड मिळाली, आणि २ मे १८७२ रोजी इमारत लोकांसाठी खुली झाली. आत बिडाचे खांब, रंगीत विलायती फरशी, आणि मधोमध डेव्हिड ससून यांनी दिलेला, राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा. नाव ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’. लंडनच्या सुप्रसिद्ध संग्रहालयाला हेच नाव मिळालं ते १८९९ मध्ये, म्हणजे मुंबईनंतर. भाऊ दाजींनी ही वास्तू उघडलेली पाहिली आणि १८७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

वरच्या मजल्यावरची मुंबई मात्र अजून घडायची होती. ती प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आली. जे. जे. कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स हे याही संग्रहालयाचा कारभार पाहत. त्यांच्या आणि पुढे अर्नेस्ट फर्न यांच्या काळात मातीच्या लहान मूर्ती, देखावे, प्रतिकृती तयार झाल्या. जातीजमातींचे पोशाख, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, धंदे, होड्या, पारशांचा दखमा (मृतदेह ठेवण्याचा मनोरा) हे सगळं हातभर उंचीत बसवलेलं. माणसांची जातवार, धंदेवार वर्गवारी करण्याची साहेबी सवय त्यात स्पष्ट दिसते आणि पाहताना ती विसरू नये. तरीही त्या मूर्ती घडवणारे हात इथलेच होते, आणि त्या पगड्या आज रस्त्यावर कुणाच्याही डोक्यावर दिसत नाहीत. गिरणगाव हाकेच्या अंतरावर. सुट्टीच्या दिवशी बागेत आलेली कुटुंबं इथे डोकावून जात आणि आपल्यासारख्याच माणसांना काचेआड पाहत.

१९२२ मध्ये फोर्टात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडलं. मोठं नाव आणि मोठे संग्रह तिकडे गेले. भायखळ्याकडे हळूहळू दुर्लक्ष झालं. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं, पण छत गळतच राहिलं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारतीचं जतन झालं. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

जाल तेव्हा आवारासाठी वेगळा वेळ ठेवा. घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ म्हटलं, तो दगडी हत्ती इथे आहे. १८६४ मध्ये त्याला विलायतेला नेण्याच्या खटाटोपात यारी (क्रेन) तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे १९१४ मध्ये पुन्हा सांधले गेले. मागच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतून हलवलेले राणीचे आणि गव्हर्नरांचे पुतळे आहेत. शहराने काय नाकारलं हेही त्याच्या इतिहासातच मोडतं, आणि ते इतकं उघड्यावर मांडलेलं मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडेल. बुधवारी संग्रहालय बंद असतं.