कुलूप आतून की बाहेरून: अमेरिकेतल्या असिस्टेड लिव्हिंगबद्दल कुटुंबांचं मत कसं घडलं

आई किंवा वडील असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे आपल्या खोलीत राहून रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या वृद्धनिवासात, आहेत अशा अमेरिकी कुटुंबाला ‘तिथं कसं आहे?’ असं विचारा. आईला वेळेवर जेवण मिळतं, चार माणसं बोलायला असतात, आता आम्हाला रात्री झोप लागते, असं सांगतील. त्याच दमात बिल वाढत चाललंय आणि सांभाळणारे चेहरे सारखे बदलतात, हेही सांगतील. समाधान आणि तक्रार एकाच तोंडून का येते, याचं उत्तर या व्यवस्थेच्या जन्मात आहे.

आधी होती ती नर्सिंग होम. आपल्याकडे या नावाने छोटं खासगी रुग्णालय ओळखलं जातं. अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे बरं होऊन घरी जाण्याची आशा नसलेल्या वृद्धांचा दीर्घ मुक्काम. १९५४मध्ये सरकारने रुग्णालयांना अशा रुग्णांसाठी वेगळे विभाग बांधायला पैसे दिले, कारण खाटा अडून राहत होत्या. १९६५मध्ये मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी वैद्यकीय मदत) आल्यावर नर्सिंग होम भराभर वाढली. म्हणजे सोय मुळात रुग्णालयांची होती. उठायचं कधी, जेवायचं कधी, खोलीत सोबत कोण, हे सगळं संस्था ठरवायची. सत्तरच्या दशकात तिथल्या हलगर्जीच्या आणि छळाच्या कहाण्या सिनेटच्या चौकशीत बाहेर आल्या. ‘आईला नर्सिंग होममध्ये टाकणार नाही’ हे वाक्य अमेरिकी घरांत अजून ऐकू येतं, ते त्या काळापासून.

केरन ब्राउन विल्सन यांच्या आईला वेस्ट व्हर्जिनियात ५५व्या वर्षी पक्षाघात झाला आणि तिची पुढची वर्षं अशाच ठिकाणी गेली. माझ्यासारख्यांसाठी काही कर, असं ती मुलीला म्हणे. मुलीने वृद्धांच्या प्रश्नांचा अभ्यास केला आणि १९८३मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरात ‘पार्क प्लेस’ सुरू केलं. असिस्टेड लिव्हिंगचं हे सुरुवातीचं रूप. तिथं ११२ घरं होती. प्रत्येकाला आपलं स्वयंपाकघर, आपलं सामान, हवं तर मांजर-कुत्रं, आणि मुख्य म्हणजे आतून लावता येणारं दार. बटण दाबलं की दिवसरात्र मदत. म्हातारी माणसं पडतील, गोळ्या विसरतील, अशी टीका झाली. ऑरेगन राज्याने रहिवाशांवर लक्ष ठेवलं आणि १९८८मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: तब्येत ढासळली नव्हती, समाधान वाढलं होतं, नैराश्य कमी झालं होतं आणि सरकारी मदतीवरच्या रहिवाशांचा खर्च नर्सिंग होमपेक्षा सुमारे २० टक्के कमी आला होता. मूळचे विदर्भातल्या घराण्यातले सर्जन अतुल गावंडे यांच्या लेखनामुळे ही हकीकत वैद्यकाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.

नव्वदच्या दशकात कल्पनेचा धंदा झाला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आल्या, इमारती हॉटेलसारख्या दिसू लागल्या. दर्शनी दालनात झुंबर, पियानो, ताजी फुलं. हे पाहून प्रभावित होणार कोण? जागा बघायला येणारी मुलगी किंवा सून. जागा निवडणारी मुलं आणि तिथं राहणारी आई, यांना हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. मुलांना सुरक्षितता हवी असते, आईला स्वतःची मर्जी. विल्सन यांनीही पुढे हीच खंत बोलून दाखवली.

मेमरी केअरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या विभागात, हा पेच सर्वांत उघड दिसतो. विसरभोळेपणा हा म्हातारपणाचाच भाग, अशी समजूत सत्तरच्या दशकापर्यंत होती. १९७६मध्ये न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी अल्झायमर हा मोठ्या संख्येने माणसं मारणारा आजार असल्याचं ठामपणे मांडलं. १९८०च्या सुमारास रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटांनी एकत्र येऊन अल्झायमर्स असोसिएशनची पायाभरणी केली. १९९१मध्ये पिट्सबर्गजवळ ओकमाँट इथं ‘वूडसाइड प्लेस’ उघडलं: ३६ रहिवासी, बारा-बाराची तीन घरं, आतल्या आत हिंडायला वाटा. हिंडण्याला आजाराचा उपद्रव न मानता त्यासाठी जागा करणारी ती रचना होती. नंतरच्या व्यापारी मेमरी केअरमध्ये तेवढी कल्पकता क्वचित दिसते; बहुतेक ठिकाणी एक मजला आणि सांकेतिक क्रमांकाचं दार. विल्सन यांनी रहिवाशाच्या हाती दिलेलं कुलूप इथं पुन्हा बाहेरून लागलं. आणि कुटुंबांना ते हवंच असतं. त्यांना दोष कसा द्यायचा? हिवाळ्याच्या रात्री वडील गाऊनवर रस्त्यावर गेले तर काय होतं, हे त्यांना माहीत असतं.

कुटुंबाच्या मताला इथं इतकं वजन येतं त्यामागे आणखी एक कारण आहे. नर्सिंग होमना १९८७चा केंद्रीय कायदा लागू आहे आणि २००८पासून त्यांना सरकारी ताऱ्यांची श्रेणी मिळते. असिस्टेड लिव्हिंगला यातलं काहीच नाही. नियम प्रत्येक राज्याचे आपापले. मेडिकेअर तिथलं भाडं देत नाही, मेडिकेडची मदत राज्यागणिक बदलते, त्यामुळे बहुतेकांचा खर्च स्वतःच्या खिशातून किंवा घर विकून. २०२३मध्ये मध्यम दर महिन्याला सुमारे ५,३५० डॉलर होता. मेमरी केअरचा त्याहून जास्त. वर ‘काळजीची पातळी’ वाढली की वेगळा आकार. आंघोळीला मदत लागू लागली की बिल चढतं. सरकारी मोजपट्टी नाही, म्हणून नवं कुटुंब जुन्या कुटुंबाला विचारतं. त्याने पाहिलेलं असतं ते दुपारचं. रात्री दोन वाजता किती रहिवाशांमागे एक कर्मचारी असतो, हे भेटीला येणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

२००१मध्ये सिनेटच्या वृद्धविषयक समितीने उद्योग आणि ग्राहकसंघटनांना एकत्र बसवून शिफारशी मागवल्या. २००३मध्ये शंभराहून अधिक आल्या, पण अनेक कळीच्या मुद्द्यांवर एकमत झालं नाही. पुढे करोनाकाळात भेटी बंद झाल्या, काचेपलीकडून हात हलवावे लागले, आणि आत काय चालतं हे पाहण्याचा एकमेव मार्गही गेला. २०२३च्या डिसेंबरमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दाखवून दिलं की २०१८पासून दोन हजारांहून अधिक रहिवासी नकळत बाहेर पडले होते आणि त्यांतले जवळपास शंभर दगावले. जानेवारी २०२४मध्ये त्याच समितीने पुन्हा सुनावणी घेतली. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब केसी यांनी कुटुंबांना आपले अनुभव आणि बिलं थेट समितीकडे पाठवायला सांगितलं.