फुटबॉल संघटक : पदावरचा प्रवास आणि पदच्युती (बेळगाव सीमाभाग)

क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना किंवा राष्ट्रीय महासंघ यांवर निवडून आलेल्या, बहुधा बिनपगारी पदाधिकाऱ्याला फुटबॉल संघटक म्हणतात. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार ही तीन पदे महत्त्वाची. अध्यक्षाचे नाव पत्रिकेवर वर असले तरी कारभार सेक्रेटरी चालवतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात हे काम दोन राज्यांच्या मध्ये उभे राहून करावे लागते. संघटना कर्नाटकातली, तर खेळाडूंची ओढ कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडे, तिथल्या तालमींच्या संघांकडे. निपाणी तर बेळगावपेक्षा कोल्हापूरलाच जवळ आहे.

संघटक पदावरून जातो तो क्वचितच पकडलेल्या लाचेमुळे. बहुतेक वेळा न घेतलेली सभा, न झालेली निवडणूक, नाहीतर न मिळणारा कागद त्याला खाली खेचतो. गल्लीतल्या मंडळापासून फिफाच्या (जागतिक फुटबॉल महासंघाच्या) झ्युरिकमधल्या मुख्यालयापर्यंत हेच दिसते.

उदय

सुरुवात मैदानातून होते. चुन्याने मैदान आखणे, जाळी बांधणे, पंच गाठणे, पोलिसांची आणि मैदानाच्या मालकाची परवानगी काढणे ही कामे जो करतो तोच पुढे सेक्रेटरी होतो. १६ संघांची बाद फेरीची स्पर्धा म्हणजे १५ सामने. रोज दोन सामने धरले तरी आठ दिवस मैदान, पंच आणि चेंडू सांभाळावे लागतात. बेळगावात जून ते सप्टेंबर पावसाचे, त्यामुळे लाल मातीचे मैदान दोन दिवसांत चिखलाचे होते. राखीव दिवस न ठेवणारा संयोजक पहिल्याच वर्षी तोंडघशी पडतो.

पुढची पायरी मतांची. संघटनेत मत असते ते क्लबला. जिल्ह्यात क्लब, राज्यात जिल्हा आणि क्लब, देशात मुख्यतः राज्य संघटना, आणि फिफात २११ सदस्य संघटनांपैकी प्रत्येकी एक मत. ज्याच्या मागे मते, त्याची खुर्ची. खरी कीड इथेच लागते. संघ मैदानात उतरत नाही, पण नोंदणी, शिक्का आणि मतदानाचा अधिकार शाबूत, असे कागदी क्लब प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी उभे केले जातात. पुढे तेच क्लब दुसऱ्याच्या हाती गेले की आधीच्याला घरी बसवतात. यावर उपाय सोपा आहे. मागच्या हंगामात ठरावीक सामने न खेळलेल्या क्लबला मत नाही, असा पोटनियम करावा आणि मतदारयादी सामन्यांच्या गुणपत्रिकांवरून तयार करावी.

कायद्याची चौकट

कर्नाटकात अशी संस्था १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली जाते. किमान सात सदस्य लागतात. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद निबंधकांकडे द्यायचा असतो. कलम २५ खाली निबंधक स्वतःहून, किंवा कार्यकारिणीच्या बहुमताने अथवा किमान एक तृतीयांश सदस्यांनी अर्ज केल्यास, चौकशी करू शकतात. कलम २७-अ खाली प्रशासक नेमता येतो. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, अशा संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कोल्हापूरच्या ओळखीच्या माणसाकडून नमुना आणून बेळगावात तसाच भरणारे इथेच फसतात.

भाषेची अडचण वेगळी आणि रोजची. सभेचे इतिवृत्त मराठीत लिहिले जाते, कारण बोलणे मराठीत झालेले असते. कार्यालयीन व्यवहार मात्र कन्नडमध्ये. भाषांतर त्याच आठवड्यात करून, दोन्ही प्रतींवर अध्यक्ष आणि सेक्रेटरीच्या सह्या घेऊन ठेवावे. तीन वर्षांनी, वाद पेटल्यावर घाईने केलेल्या भाषांतरात रक्कम किंवा तारीख जुळली नाही, की विरोधकाला तेवढे पुरे होते.

पतन कसे होते

आधी सभा पुढे ढकलली जाते. कारण दरवेळी पटण्यासारखे असते : पाऊस, निवडणूक आचारसंहिता, गणपती, लेखापरीक्षकाची तब्येत. मग मुदत संपते, पण सह्या चालूच राहतात. मुदत संपल्यावर केलेली प्रत्येक सही पुढे आव्हान देण्याजोगी ठरते, आणि निबंधकांकडे जाणाऱ्या चौकशीच्या अर्जात पहिला मुद्दा तोच असतो.

दुसरी गोष्ट पावती पुस्तकाची. देणगीदाराला मूळ पावती, पुस्तकात स्थळप्रत, आणि त्याच क्रमांकाने रोकडवहीत नोंद, अशा तीन ठिकाणी एकच आकडा दिसला पाहिजे. चषकाच्या दिवशी मैदानातच रोख देणगी जाहीर होते, टाळ्या पडतात, आणि त्याच पैशातून पंचांचे मानधन तिथेच दिले जाते. सायंकाळी वहीत लिहिली जाते ती फक्त शिल्लक. चोरी झालेली नसते, पण हिशेबात जमाही नाही आणि खर्चही नाही. म्हणून रोख आधी पूर्ण जमा दाखवावी, मग खर्चाचे व्हाउचर करून पंचाची सही घ्यावी. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

वयचोरी हे तिसरे कारण. मोठ्या मुलाला लहान गटात खेळवले जाते, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढले की संघ बाद होतो, आणि दाखल्यावर सही सेक्रेटरीची निघते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार इंग्रजीत असल्याने नावाच्या स्पेलिंगचा घोळ सीमाभागात नेहमीचा. प्रामाणिक मुलगाही त्यात अडकतो, म्हणून नोंदणीआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.

वरच्या पातळीवरची दोन उदाहरणे

गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, आणि २०१९ मध्ये ते फिफा परिषदेवर निवडून गेलेले पहिले भारतीय ठरले. कारकीर्द लहान नव्हती. पण केंद्र सरकारच्या क्रीडा संहितेनुसार अध्यक्षाला १२ वर्षांची मर्यादा होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, कारण महासंघाच्या घटनेचा वाद न्यायालयात अडकला होता. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी हटवून प्रशासक समिती नेमली. त्रयस्थ हस्तक्षेपाचे कारण देत फिफाने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केले आणि प्रशासकांकडून कारभार परत महासंघाकडे आल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठवले. त्या थोड्या दिवसांत गोकुलम केरळ क्लबच्या महिला खेळाडू ताश्कंदला पोहोचूनही आशियाई क्लब स्पर्धा खेळू शकल्या नाहीत. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी भारताचे माजी कर्णधार भायचुंग भुतियांना ३३ विरुद्ध १ मताने हरवले. ज्याने देशासाठी गोल केले त्याला एक मत, हे मतांच्या रचनेबद्दल पुरेसे सांगते.

सेप ब्लाटर १९९८ पासून फिफाचे अध्यक्ष होते. मे २०१५ मध्ये झ्युरिकच्या हॉटेलातून फिफाचे अधिकारी पकडले गेले, तरी दोनच दिवसांनी ब्लाटर पुन्हा निवडून आले. त्यांना बाहेर काढले ते एका देयकाने : २०११ मध्ये युरोपीय फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लातिनींना दिलेले २० लाख स्विस फ्रँक. लेखी करार वर्षाला ३ लाखांचा होता. उरलेले तोंडी ठरले होते, असे दोघांचे म्हणणे. फिफाच्या नीतिमत्ता समितीने डिसेंबर २०१५ मध्ये ब्लाटर यांच्यावर आठ वर्षांची बंदी घातली, अपिलात ती सहा झाली. स्विस फौजदारी न्यायालयाने २०२२ मध्ये आणि अपिलात पुन्हा २०२५ मध्ये दोघांनाही निर्दोष ठरवले. गुन्हा सिद्ध न होताही पद जाऊ शकते, हे संघटकाने समजून घ्यावे.

पदच्युतीनंतर

सर्वांत जास्त नुकसान होते ते खेळाडूंचे. दोन गट आपापली संघटना खरी म्हणू लागतात, दोन निवड चाचण्या होतात, आणि राज्य संघटना कोणाचीच यादी घेत नाही. सतरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष गेले तर तो त्या वयोगटात परत येत नाही.

म्हणून कार्यभार देण्या-घेण्याची यादी लेखी करावी : नोंदणी प्रमाणपत्र, पोटनियम, इतिवृत्ताच्या वह्या, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तके क्रमांकासह, शिक्के, पॅन, चेकबुक. बँकेत सह्या बदलण्याचा ठराव त्याच सभेत करावा. महासंघाच्या केंद्रीय खेळाडू नोंदणी प्रणालीचे लॉगिन बहुधा जुन्या सेक्रेटरीच्या खासगी मोबाइल क्रमांकाला जोडलेले असते. तो रुसला की ओटीपी येत नाही आणि नोंदणीची मुदत निघून जाते. लॉगिन सुरुवातीपासून संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या सिमवर ठेवावे. कोल्हापूरच्या संघाकडे जाणाऱ्या मुलाच्या बदलीला दोन्ही राज्य संघटनांची मंजुरी लागते, त्यामुळे वाद चालू असला तरी या अर्जांवर कोण मंजुरी देणार, ते राज्य संघटनेकडून लेखी घेऊन ठेवावे.