आरसा-कसोटी

आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे प्राण्याला उमगते का, ते तपासण्याची तुलनात्मक मानसशास्त्रातील पद्धत. माणूस, प्राणी व यंत्र यांच्या जाणिवेची तुलना करताना तिचा दाखला वारंवार दिला जातो. मराठीत ‘जाणीव’ हा शब्द वेदना, चव, उजेड यांच्या अनुभवासाठी आणि ‘मी’पणाच्या भानासाठीही चालतो. या कसोटीचा संबंध फक्त दुसऱ्या अर्थाशी, तोही डोळ्यांपुरता.

कसोटीचे जनकत्व सामान्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप (१९७०) यांना दिले जाते. तथापि चार्ल्स डार्विन यांनी १८३८ च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ओरांगउटानपुढे आरसा धरून नोंदी केल्या होत्या. लहान मुलांच्या नाकाला लाली लावून पाहण्याचा ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांचा प्रयोग १९७२ मध्ये छापून आला, तरी मूळ काम त्याआधीचे आहे. गॅलप व अ‍ॅम्स्टरडॅम या दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली, असे मानणे अधिक सयुक्तिक. गॅलप यांची भर म्हणजे भूल. चिंपँझींना दहा दिवस आरशाची सवय करून दिल्यावर बेशुद्धावस्थेत त्यांच्या एका भुवईवर व विरुद्ध बाजूच्या कानावर वास नसलेला लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर स्पर्शाने वा वासाने डाग कळण्याची सोय नव्हती. आरसा पाहताच ते त्याच जागी बोटे लावू लागले, काहींनी ती बोटे हुंगलीही. त्याच रीतीने तपासलेली माकडे मात्र प्रतिमेला दुसरे माकडच समजत राहिली. घरातल्या आरशावर चोच मारणाऱ्या चिमणीसारखी.

माणसाची मुले साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ही कसोटी पार करतात. संस्कृतीनुसार यात फरक आढळतो. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील तीन हत्तिणींपैकी एकच उत्तीर्ण झाली (२००६). पुढे मॅगपाय पक्षी (२००८) आणि इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा क्लीनर रॅस मासा (२०१९) यांची भर पडली. गळ्यावरचा तपकिरी डाग आरशात दिसल्यावर हा मासा गळा तळाशी घासतो. निळ्या वा हिरव्या डागाकडे दुर्लक्ष करतो. डाग त्याला परजीवीसारखा वाटला तरच प्रतिसाद मिळतो, असा याचा अर्थ लावला जातो. गॅलप हा पुरावा मानत नाहीत. आत्मभान असते किंवा नसते असे नसून त्याला पायऱ्या असतात, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांचे मत उपलब्ध माहितीशी अधिक जुळते. कुत्रा नापास होतो, पण त्याचे जग नाकाचे आहे.

यंत्रांबाबत कसोटी फारशी उपयोगी नाही. एपस्टाइन, लान्झा व स्किनर यांनी १९८१ मध्येच कबुतरांना शिकवून आरशात दिसणाऱ्या स्वतःच्या अंगावरील डागावर चोच मारायला लावले होते; म्हणजे असे वर्तन नुसत्या शिकवणीनेही घडवता येते. आरशाचा उपयोग करणारे यंत्रमानवही तयार झाले आहेत. संभाषण करणाऱ्या संगणकप्रणालींना तर शरीरच नाही, मग डाग लावायचा कुठे? २०२३ मध्ये पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग व सहकाऱ्यांनी वर्तनाऐवजी अंतर्गत रचनेकडे पाहणारी, जाणिवेच्या लक्षणांची यादी मांडली. तत्कालीन कोणतीही प्रणाली त्यांना जाणिवेची सबळ दावेदार वाटली नाही.