अध्ययन-संक्रमण (हाताकडून हाताकडे)

एका हाताने शिकलेली हालचालींची साखळी दुसऱ्या, न शिकवलेल्या हातालाही काही अंशी जमू लागणे, याला मानसशास्त्रात द्विपार्श्व अध्ययन-संक्रमण म्हणतात. बी.ए.ला हा विषय घेतलेल्यांना आरशात बघून चांदणी गिरवण्याचे प्रात्यक्षिक आठवत असेल. उजव्याने पुष्कळ फेऱ्या झाल्या की डाव्याच्याही चुका आधीपेक्षा कमी भरतात. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर व सहकाऱ्यांनी १८९४ मध्ये हाताची स्थिरता आणि मुठीची ताकद यांबाबत हेच दाखवले.

पण दुसऱ्या हाताकडे नेमके जाते काय? हे पेटीवर चांगले कळते. मिरजेसारख्या गाण्याच्या गावात शिकवणीला बसलेले पोर पाच बोटांना पाच पट्ट्या देऊन ‘सा रे ग म प’ वाजवते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. आता भाता शेजारच्याला मारायला सांगून डावा हात त्याच पट्ट्यांवर ठेवावा. बोटांचा क्रम तोच, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, ठेवला तर ऐकू येते ‘प म ग रे सा’. सूर सरळ हवे असतील तर बोटे उलटी, करंगळीपासून चालवावी लागतात. म्हणजे ‘तेच’ वाजवणे दोन तऱ्हेचे: पट्ट्यांचा क्रम राखून, नाहीतर बोटांचा क्रम राखून.

शिकण्याच्या सुरुवातीला साखळी मुख्यतः जागांच्या क्रमाने लक्षात राहते, आणि हा क्रम कोणत्याही हाताला वापरता येतो. ओकिहिदे हिकोसाका व सहकाऱ्यांच्या माकडांवरील प्रयोगांत नव्या साखळ्या हात बदलला तरी बऱ्यापैकी जमल्या, दीर्घकाळ घोटलेल्या मात्र अडखळल्या. माणसांतही तसेच: अंगठ्याला एकेक बोट ठरल्या क्रमाने टेकवण्याचा काही आठवडे रोज सराव दिल्यावर आलेली चपळाई दुसऱ्या हाताला मिळाली नाही (कार्नी व सहकारी, १९९५). आपण ‘हात बसला’ म्हणतो, दोन्ही हात बसले असे म्हणत नाही. बोलीने हे आधीच हेरलेले दिसते.

मेंदूचे दोन्ही गोलार्ध जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड पट्ट्याचा या देवाणघेवाणीत वाटा असतो. ताकदीच्या बाबतीत याचा उपयोग फिजिओथेरपीत होतो: एक हात प्लास्टरमध्ये असताना मोकळ्या हाताला व्यायाम दिला, तर बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते.