भुकेची तार कापली तर?

१९४३ साली शिकागो विद्यापीठातले सर्जन लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी अल्सरच्या एका रुग्णाचा व्हेगस मज्जातंतू कापला. वजनाचा त्यात काही संबंध नव्हता. जठराने आम्ल सोडावं हा मेंदूचा हुकूम याच मज्जातंतूतून येतो. हुकूम थांबला की आम्ल घटेल आणि जखम भरेल, असा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. ‘व्हेगोटॉमी’ नावाने ही शस्त्रक्रिया पुढे कित्येक वर्षं जगभर होत राहिली. मग आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या. बहुतेक अल्सरांमागे एक जिवाणू असतो हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवलं, त्यासाठी २००५ साली त्यांना नोबेलही मिळालं. प्रतिजैविकांनी बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी पोट कोण उघडणार?

तरीही व्हेगोटॉमी पुरती मेली नाही. अल्सरवाल्या काही रुग्णांचं वजन शस्त्रक्रियेनंतर घटतं, हे सर्जन पाहत होतेच. त्यातून प्रश्न आला: मज्जातंतू कापून भूकच कमी करता येईल का?

व्हेगस मेंदूच्या बुडातून निघतो, मानेतून, छातीतून खाली येतो आणि जठर-आतड्यांवर पसरतो. त्यातले सुमारे ८० टक्के तंतू हुकूम खाली नेत नाहीत, पोटाची खबर वर मेंदूला पोचवतात. जठर किती ताणलं गेलंय, आतड्यात स्निग्ध पदार्थ आले का, ही सगळी बित्तंबातमी त्यांच्याकडे असते. जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि व्हेगसच्या टोकांना ‘आता पुरे’ म्हणून कळवतात. पोटातला व्हेगस कापलेल्या उंदरांना हेच संप्रेरक टोचलं तर त्यांचं खाणं पूर्वीसारखं आवरत नाही, हे १९८१ मध्ये दिसलं. म्हणजे मज्जातंतू कापल्यावर माणूस उलट जास्त खायला हवा!

पण भुकेचा निरोपही याच वाटेने जातो. जठरातून स्रवणारं घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. व्हेगस कापला गेलेल्या रुग्णांना घ्रेलिन टोचूनही त्यांचं खाणं वाढलं नाही, असं २००५ च्या एका अभ्यासात आढळलं. टेलिफोनची तार कापली की कर्जवसुलीचे फोन थांबतात, तसे पगार जमा झाल्याचेही थांबतात. पारडं कुठे झुकेल, हे नुसत्या तर्काने सांगता येत नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत एक आशादायक धागा सापडला होता. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या एका भागाला इजा केली की उंदीर बेसुमार लठ्ठ होतात. व्हेगस कापल्यावर हा लठ्ठपणा ओसरतो, हे १९७४ मध्ये दिसलं. १९७८ मध्ये सर्जन जॉन क्रॅल यांनी तीव्र लठ्ठपणावर व्हेगोटॉमी करून पाहिली. काहींची भूक आणि वजन खरंच घटलं. पण हा मज्जातंतू जठर रिकामं होण्याची गतीही सांभाळतो. तो सरसकट कापला की अन्न जठरात तुंबतं, आणि काहींना जुलाबांचा त्रास मागे लागतो. एवढी किंमत मोजून मिळणारी घट माफकच होती, त्यामुळे ही एकटी शस्त्रक्रिया लठ्ठपणावरचा मुख्य उपाय कधीच बनली नाही.

मग कापण्याऐवजी गप्प करण्याची कल्पना आली. पोटात बसवायचं एक यंत्र व्हेगसला विजेच्या झटपट स्पंदनांनी अडवून धरतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, त्याला मान्यता दिली. २३९ जणांवरच्या चाचणीत यंत्रवाल्यांचं वजन वर्षभरात सरासरी ९.२ टक्के घटलं. ज्यांना न अडवणारं, नुसतं दाखवण्यापुरतं यंत्र बसवलं होतं, त्यांचंही ६ टक्के घटलं! चाचणीने आधी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलंच नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या डेव्हिड प्रोलोगो यांनी वेगळी वाट धरली. पाठीतून सुई घालून, सीटी स्कॅनवर बघत, व्हेगसची मागची शाखा गोठवायची. दहाही जणांनी भूक घटल्याचं सांगितलं आणि ९० दिवसांत वजन सरासरी ३.६ टक्के उतरलं. मात्र इथे तुलनेला खोटा उपचार घेतलेला गट नव्हता, आणि आधीच्या चाचणीतले नकली यंत्राचे ६ टक्के आठवले की हा आकडा जरा सावधपणेच वाचावा लागतो.

दरम्यान बाजारात वेगळंच काही घडलं. २०२५ मध्ये भारतातही आलेली वजन घटवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आतड्यातल्या जीएलपी-१ या तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. शरीरातलं मूळ संप्रेरक दोनेक मिनिटांत विरघळून जातं. औषध आठवडाभर टिकतं, रक्तातून थेट मेंदूच्या काही भागांपर्यंत पोचतं आणि तृप्तीचा निरोप तिथेच देतं. एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटलं. इंजेक्शन थांबवल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, हा त्यातला मोठा घोळ आहे. पण नको वाटलं तर औषध सोडून देता येतं. कापलेला व्हेगस पुन्हा जोडून घेण्याची सोय नाही.