जाम फिल्टर आणि कुकरची रिंग

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली उताणा पडलो होतो. गाडीचं पुढचं अंग दोन स्टँडवर, जुनं ऑइल ट्रेमध्ये काढून झालेलं, नवं ऑइल आणि नवा फिल्टर शेजारी वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले. ऑइल बदलणं म्हणजे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. त्यातला पाऊण तास मी मुठीएवढ्या एका डब्याशी झटापट करण्यात घालवला होता, आणि फिल्टर हलायचं नाव घेत नव्हता.

"आटे गंजले असतील," पहिल्या मजल्यावरचे काका वाकून म्हणाले. "गंजावरचं तेल मारा की दोन थेंब. माझ्याकडे आहे, आणू का?"

काही जाम झालं की संशय आधी आट्यांवरच जातो. नळाची तोटी, बाथरूमची कडी, सायकलचा नट, यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खराही ठरतो. ऑइल फिल्टरची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या पोकळ स्टडवर, म्हणजे बाहेरून आटे पाडलेल्या नळीवर, हा डबा फिरवून बसवतात, तो स्टड फिल्टरच्या मधोमध असतो आणि गाळलेलं ऑइल त्याच्या आतूनच इंजिनात परत जातं. म्हणजे हे आटे जन्मभर तेलात बुडालेले. गंजणार कसे? शिवाय बाहेरून मारलेलं तेल तिथवर पोचणारही नाही, कारण वाटेत रबराची एक रिंग आहे. इंजिन चालू असताना आत ३ ते ४ बार दाब असतो. तेवढ्या दाबाखालचं ऑइल ती रिंग बाहेर येऊ देत नाही, तर काकांचे दोन थेंब बाहेरून आत कसे जाऊ देईल?

तेव्हा गुन्हेगार ती रिंगच. मेस्त्री तिला 'पॅकिंग' म्हणतात, फिल्टरच्या खोक्यावर 'गॅस्केट' छापलेलं असतं.

तिचं काम साधं नाही. तिचा व्यास ६ सेंटीमीटर धरला तर आतलं क्षेत्रफळ झालं साधारण २८ चौरस सेंटीमीटर. ४ बार दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४ किलोचा भार. गुणाकार करा, शंभर किलोच्या वर जातो. म्हणजे तुम्ही महामार्गावर असता तेव्हा तो डबा इंजिनापासून उखडायला सिमेंटच्या दोन गोण्यांएवढा भार टपलेला असतो. डब्याला धरून ठेवतात ते आटे, आणि थेंबभरही तेल बाहेर पडू देत नाही ती रिंग. त्यासाठी ती धातूला घट्ट चिकटून बसलेली हवीच. नेमकं हेच चिकटणं रविवारी सकाळी आपल्या मुळावर येतं.

फिल्टर बसवताना किती आवळायचा? रिंग इंजिनाला टेकली की तिथून पुढे पाऊण फेरा, तोही हातानेच. बहुतेक डब्यांवर हे चित्रासकट छापलेलं असतं. आट्यांचं अंतर बहुतेक फिल्टरांत १.५ मिलिमीटर असतं, काहींत त्याहून किंचित जास्त. म्हणजे एका फेऱ्यात डबा दीड मिलिमीटर पुढे सरकतो, आणि पाऊण फेऱ्यात रिंग दबते ती जेमतेम १.१ मिलिमीटर. छोट्या गाड्यांमध्ये याला साधारण १४ न्यूटन-मीटरचा पीळ लागतो. लोणच्याची बरणी नीट बंद करणाऱ्या कुठल्याही हाताला हे जमतं.

मग जे हाताने बसलं ते हाताने निघत का नाही?

इथे एक गंमत आहे. रबर दाबून ठेवलं की ते हळूहळू सैलावतं. आतल्या लांबलचक साखळ्या जागा बदलतात, काही तुटतात, नव्या जोडल्या जातात, आणि रिंगचा उलटा रेटा महिन्यामहिन्याला कमी होत जातो. घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंतोंने १६९९ मध्ये मांडलेलं आपण शाळेत शिकलोय. त्या हिशेबाने रेटा घटला की घर्षण घटायला हवं, म्हणजे सहा महिने जुना फिल्टर नव्यापेक्षा सहज सुटायला हवा. प्रत्यक्षात होतं बरोबर उलटं.

कारण रबर आमोंतोंचं ऐकत नाही. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. डोळ्याला सगळं टेकलेलं दिसतं, खरा स्पर्श मात्र फार थोड्या जागी. रबर मऊ आहे. वेळ आणि ऊब मिळाली की ते धातूवरच्या बारीक चरांमध्ये, यंत्रावर कातताना उमटलेल्या वर्तुळांमध्ये हळूहळू शिरत जातं. बसवताना मधे तेलाचा जो पातळ थर होता तोही कडेला पिळून निघतो. म्हणजे रेटा कमी होत असतानाच खऱ्या स्पर्शाची जागा वाढत असते, आणि रबराच्या बाबतीत पकड ठरते ती या जागेवर. स्थिर राहिलेल्या वस्तू जसजसा वेळ जाईल तसतशा हलवायला जड होतात, हे कुलोंबने १७८५ च्या प्रबंधात नोंदवलं होतं. विजेच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला कुलोंब हाच. त्याने लाकूड-लोखंडावर पाहिलेली गोष्ट रबरात कितीतरी ठळक दिसते.

त्यात भर उष्णतेची. ही रिंग बहुधा नायट्राइल रबराची असते, कारण ते तेलात फारसं फुगत नाही. इंजिन ऑइल चालत्या गाडीत ९० ते ११० अंशांना तापतं. त्या तापात हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबरात नवनवे सांधे जुळत जातात आणि ते कडक होतं. घरातली जुनी कुकरची रिंग आठवा. नवी असताना लुसलुशीत, वर्षा-दोन वर्षांनी कडक, चपटी आणि झाकणाच्या खोबणीत अशी रुतलेली की सुरीच्या टोकाने उचलावी लागते. तीच प्रक्रिया. फरक इतकाच की कुकर रोज उघडतो आणि फिल्टर काही महिन्यांनी एकदा. शिवाय रिंगच्या काठाशी अडकलेलं तेल उष्णतेने जळून चिकट, तपकिरी रोगणासारखं होतं. म्हणजे आधीच रुतलेल्या रिंगला वरून डिंक.

हे सगळं व्यवस्थित बसवलेल्या फिल्टरचं झालं. माझा फिल्टर मागच्या वेळी एका गॅरेजमध्ये बदलला होता. तो पान्याने आवळलेला होता आणि रिंगला तेलाचं बोटही लावलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. कोरडी रिंग आवळताना धातूवर सरकत नाही. ती पिळली जाते आणि तशी पिळलेल्या अवस्थेतच चिकटते. खरं सांगायचं तर फिल्टर त्या रविवारी जाम झालाच नव्हता. तो बसवला त्या दिवशीच झाला होता.

आता काढायचं बघू. लढाई पहिल्या काही अंशांचीच असते. एकदा रिंग सुटली की अर्ध्या फेऱ्यात तिचा बहुतेक दाब उतरतो आणि मग डबा दोन बोटांनी फिरतो. पण त्या पहिल्या अंशांसाठी ४० न्यूटन-मीटरसुद्धा लागू शकतात. डब्याची त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर. हाताने तेवढा पीळ द्यायचा तर पकडीतून जवळजवळ ११५ किलोचं घर्षण मिळवावं लागेल, तेही तेलकट पत्र्यावर. २५ सेंटीमीटर दांड्याच्या पान्याला मात्र १६ किलोचा जोर पुरतो. तरफेची किमया जुनीच आहे. खरी अडचण डबा पकडण्यात येते, कारण त्याला ना षटकोन, ना खाच.

म्हणून पट्टा पाना. डब्याभोवती पट्टा किंवा साखळी, तिला दांडा, आणि दांडा ओढला की पट्टा आपोआप आवळतो. कोकणातल्या जेट्टीवर होडी लावताना पाहिलं असेल, एकटा माणूस दोराचे दोन वेढे खुंटाला देतो आणि लाटांवर हिसके देणारी होडी एका हाताने धरून ठेवतो. दोन्हींमागे एकच सूत्र आहे, १८ व्या शतकात लिओनहार्ड ऑयलरने मांडलेलं. वेढ्याचा कोन वाढेल तशी पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात याचा आकडा, ०.३ असेल तर एका पूर्ण वेढ्याला दोराच्या दोन टोकांतल्या ताणांत साडेसहापट फरक पडतो, दोन वेढ्यांना ४३ पट.

या सूत्राची दुसरी बाजू पार्किंगमध्ये जास्त कामाची. घर्षणांक घातांकात बसलेला आहे, त्यामुळे तो जरासा घसरला तरी सगळं गडगडतं. पट्टा ३०० अंश वेढलेला आणि डबा कोरडा असेल तर गुणक येतो जवळजवळ पाच. त्याच डब्यावर तेल असेल, घर्षणांक ०.१ वर आला असेल, तर गुणक पावणेदोनही भरत नाही. माझा पट्टा सुरुवातीला गरागरा फिरत होता तो यामुळे. डबा चिंधीने पुसला, भांड्याची पावडर चोळून पुन्हा पुसला, आणि पट्ट्याखाली पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून घातली. पकड बसली ती त्यानंतर. पाना नसेल तर कमरेचा जुना चामडी पट्टा आणि लाटण्याएवढं लाकूड यांवरही भागतं.

पट्टा कुठे बसवायचा हेही महत्त्वाचं. डब्याचा पत्रा अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. मधोमध पकडून पिळला तर शीतपेयाच्या रिकाम्या कॅनसारख्या त्याला तिरक्या सुरकुत्या पडतात, आणि तुमचा सगळा जोर पत्रा चुरगळण्यात जातो. इंजिनाकडच्या टोकाला आत जाड बैठी चकती असते. पट्टा तिच्या जितका जवळ तितका बरा.

गाडीखालून काम करताना दिशा चुकते ती वेगळीच. डब्याच्या बंद बुडाकडे तोंड केलं तर घड्याळाच्या उलट दिशा म्हणजे सैल. पण हात वरून, इंजिनाच्या बाजूने घातला की तीच दिशा उलटी दिसते. पहिली दहा मिनिटं मी फिल्टर इमाने इतबारे आवळत होतो. काकांना हे सांगितलं नाही.

इंजिन थोडं ऊबदार असेल तर रबर मऊ पडतं आणि काम सोपं होतं. ऊबदार म्हणजे हात ठेवता येईल इतपत, कारण सुटलेल्या फिल्टरमधलं गरम ऑइल थेट मनगटावर उतरतं.

आणि मग तो प्रसिद्ध उपाय, डब्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून त्याचाच दांडा करायचा. काकांनी अर्थातच सुचवला. यात तरफ मिळते हे खरं, पण सगळा भार दोन भोकांच्या काठांवर येतो आणि अर्धा मिलिमीटरचा पत्रा तिथून कागदासारखा फाटत जातो. फाटलेला डबा घेऊन गाडी सुरूही करता येत नाही, त्यामुळे मेस्त्रीकडे ती टो करूनच न्यावी लागते. करायचंच तर सगळं हरल्यावर, आणि मधल्या स्टडला टोक न लागेल असं एका बाजूने. मी तरी त्या वाटेला जात नाही.

हल्ली अनेक गाड्यांत डब्याऐवजी प्लास्टिकच्या झाकणाखाली नुसती कागदी गाळणी असते. झाकणावर बहुधा '२५ न्यूटन-मीटर' असं कोरलेलंच असतं. तिथे खलनायक तोच, फक्त रिंगेचा आकार वेगळा, आणि पिळताना पत्रा चेपण्याऐवजी प्लास्टिक तडकतं.

माझा फिल्टर शेवटी सुटला तो पॉलिश पेपरनंतरच्या तिसऱ्या हिसक्याला. आधी दोनदा हलल्यासारखा वाटून परत जागेवर आला होता. रबर पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं मागे फिरतं, तेच ते. तिसऱ्यांदा 'टक्' असा बारीक आवाज आला आणि नंतर डबा हाताने फिरू लागला.

डबा उलटा करून ट्रेमध्ये ठेवला आणि पाहिलं तर त्याच्या तोंडावरची खोबण रिकामी. रिंग वरच, इंजिनाला चिकटून राहिलेली. हे बघायला विसरलेले लोक त्या जुन्या रिंगवरच नवा फिल्टर चढवतात. दोन रिंगा एकमेकींवर कधीच नीट बसत नाहीत, दाब आला की वरची निसटते आणि सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. टॉर्च लावून, नखाने काठ उचलून मी ती सोलून काढली. धातूकडच्या बाजूवर बारीक समकेंद्री रेघा उमटल्या होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. इंजिनाचा तो भाग कारखान्यात कातताना हत्याराने सोडलेल्या खुणांचा हुबेहूब ठसा. काकांनी ती हातात घेऊन वाकवली. तट्कन दोन तुकडे झाले.

"ही रबराची होती?" ते म्हणाले.

बैठक पुसली. नव्या रिंगवर नव्या ऑइलचं एक बोट फिरवलं. टेकेपर्यंत फिरवून डब्यावर स्केचपेनने खूण केली आणि तिथून पाऊण फेरा. "आता पान्याने एकदा चांगला आवळून घ्या," काका म्हणाले. मी पाना पेटीत ठेवला, ऑइल भरलं आणि इंजिन दोन मिनिटं चालवलं. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडंच होतं. मग पुन्हा आडवा होऊन डब्यावर तारीख लिहिली आणि तिच्याखाली, पुढच्या वेळी जो कोणी इथे पडेल त्याच्यासाठी, 'तेल लावलंय, हाताने आवळलाय'.