घोड्याच्या आतड्यातील सूक्ष्मजंतू

घोड्याच्या अंधनालात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) व मोठ्या आतड्यात राहून चाऱ्यातील तंतुमय भाग आंबवणारे जीव. यांत जिवाणूंचा भरणा सर्वाधिक. शिवाय आदिजीव, प्राणवायूविना जगणाऱ्या बुरशी व मिथेन तयार करणारे आर्किया (जिवाणूंहून वेगळे एकपेशीय जीव) असतात. सेल्युलोज पचवणारे एंझाइम घोड्याचे शरीर स्वतः तयार करत नाही. ते काम फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस इ. जिवाणू करतात. त्यातून निघणारी ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले आतड्यातून शोषली जातात आणि चाऱ्यावर पोसलेल्या घोड्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यांतून येतो.

गाय-म्हशीत हे आंबणे लहान आतड्याच्या आधी होते, घोड्यात नंतर. त्यामुळे रवंथ करणारे जनावर पुढे हे जंतूच पचवून प्रथिन मिळवते. घोड्याच्या बाबतीत ते बव्हंशी लिदीबरोबर जाते. जठर लहान (८ ते १५ लि.), तर अंधनाल सु. ३० लि. क्षमतेचा असतो. उजव्या कुशीला स्टेथोस्कोप लावल्यास टाकीत पाणी सुटल्यासारखा आवाज थांबून थांबून येतो. तो बराच वेळ ऐकू आला नाही तर पोटशूळाची शंका घेतात. जंतूंची पाहणी बहुधा लिदीवरून होते. मात्र लीद मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे चित्र देते, अंधनालाचे नव्हे.

चंदी (घोड्याला दिले जाणारे धान्य) जास्त झाली की लहान आतड्यात न पचलेला स्टार्च पुढे उतरतो. स्ट्रेप्टोकॉकस व लॅक्टोबॅसिलस झपाट्याने वाढतात, लॅक्टिक आम्ल साचते, पीएच सातच्या आसपासवरून सहाच्या खाली येतो आणि तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात. एका वेळच्या चंदीत शरीराच्या दर किलो वजनामागे सु. १ ग्रॅम स्टार्च ही मर्यादा अलीकडे सुचवली जाते. ४५० किलोच्या घोड्याला ओटच्या हिशेबात ती जेमतेम एक किलो भरते. कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ विवाद्य) उत्तम घोड्याला दोन द्रोण धान्य सांगितले आहे. द्रोणाचे आजचे वजन काहीही धरले, तरी हा शिधा सढळच म्हणावा लागेल.

पोटातील हा बिघाड खुरापर्यंत कसा पोहोचतो, याविषयी मतभेद आहेत. १९७५ मध्ये मक्याचा स्टार्च व २००६ मध्ये ऑलिगोफ्रुक्टोज (एक प्रकारची साखर) पाजून प्रयोगात लॅमिनायटिस (खुराच्या आतील पापुद्र्यांचा दाह) घडवण्यात आला. मेलेल्या जिवाणूंतून सुटणारे एंडोटॉक्सिन हे विष रक्तात जाते, हे एक स्पष्टीकरण. पण नुसते एंडोटॉक्सिन टोचून हा रोग उत्पन्न करता आलेला नाही. जिवाणूंनी तयार केलेल्या अमाइनांमुळे (नायट्रोजनयुक्त संयुगे) खुराचा रक्तपुरवठा बिघडतो, असे दुसरे मत. २००७ मध्ये निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाण बराच काळ चढे ठेवल्यावरही लॅमिनायटिस झाला. तेव्हापासून कुरणावरील बहुतेक रुग्णांत इन्शुलिनला मुख्य कारण मानण्याकडे कल असून, आतड्याचा मार्ग धान्याच्या कोठारात शिरून अधाशासारखे खाल्लेल्या घोड्यापुरता धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची लीद खाते. ही खोड नव्हे. हे जंतू पोटात वसण्यास तिचा हातभार लागतो, असे समजतात. लिंकोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने मोठ्या घोड्याला प्राणघातक अतिसार होऊ शकतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम जिवाणू बळावतात. चारा बदलायचा झाल्यास आठ-पंधरा दिवसांत थोडाथोडा बदलतात. बाजारात मिळणाऱ्या प्रोबायोटिक पुड्यांविषयीचे पुरावे तोकडे व परस्परविरोधी आहेत.